घरचा पहिला स्टुडिओ: घुमट आरतीसाठी कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा?

माटोळी
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्या घरी चवथीला (गणेश चतुर्थीला) पाच दिवस घुमट आरती असते. मोठे काका पुढे बसून म्हणतात, साथीला दोन घुमट (मडक्याच्या तोंडाला कातडं ताणून केलेलं वाद्य), एक शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे, म्हणजे झांजा. काका आता ७८ वर्षांचे झाले. तीन-चार आरत्या अशा आहेत की त्या वहीत नाहीत, फक्त त्यांच्या तोंडी आहेत, चालीसकट. त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या, ही माझी मुख्य गरज.

गेल्या चवथीला मोबाइल ठेवून प्रयत्न केला होता. कासाळे सुरू झाले की काकांचा आवाज कुणीतरी आत ओढून घेतल्यासारखा होतो, कासाळे थांबले की परत वर येतो. आणि घुमटाचा घुमारा तर नाहीच. नुसती कातड्यावरची टकटक. ऐकून फार वाईट वाटलं.

बजेट ३०,०००, सगळं धरून. भजनी मंडळाचा एक शुअर एसएम५८ माइक वापरायला मिळेल. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. मुलगी गिटार शिकते, तिचंही पुढेमागे घरीच रेकॉर्ड करायचं आहे. माइक लॅपटॉपला जोडायला जो डबा लागतो, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, त्यात दुकानात फोकसराइट स्कार्लेट सोलो सुचवला. घेऊन टाकू का?

चिरेबंदी
थांबा, घाई करू नका. मडगावात माझा छोटा स्टुडिओ आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोबाइलचं. मोबाइल आवाजाची पातळी आपणहून वर-खाली करतो. फोनवर बोलणाऱ्याचं बोलणं स्पष्ट यावं म्हणून ती सोय असते. कासाळ्यांचा ठोका आला की तो सगळंच खाली दाबतो, त्यात काकाही दबतात. शिवाय खालचे, खर्जातले स्वर तो कापून टाकतो, त्यामुळे घुमारा गेला. चूक तुमची नव्हती.

आता सोलो. वस्तू चांगली आहे, पण त्यात माइकसाठी एकच प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) असतो. दुसरं इनपुट गिटारसाठी किंवा लाइनसाठी, त्याला माइक चालत नाही. एकट्याने गिटार वाजवत गाणाऱ्याला तो पुरतो. तुमच्याकडे काका आणि वाद्यं एकाच वेळी आहेत. एकाच माइकवर सगळं घेतलंत तर नंतर काकांचा आवाज थोडा वर काढता येणार नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच करायचं आहे. म्हणून किमान दोन माइक प्रीअँप. कंपनी, रंग, सोबत मिळणारी सॉफ्टवेअरं, हे सगळं त्यानंतर.

दोन माइकचे परवडणारे पर्याय माझ्या डोळ्यांसमोर हे: बेहरिंगर यूएमसी२०२एचडी, ऑडिएंट ईव्हीओ ४, स्कार्लेट २आय२ आणि मोटू एम२. या चौघांत बेहरिंगर सगळ्यांत स्वस्त. ईव्हीओ मधला. बाकीचे दोन तुमचं निम्म्याहून जास्त बजेट खातील. एक सांगून ठेवतो, त्याच बेहरिंगरचा यूएमसी२२ कुणी स्वस्तात देऊ केला तर भुलू नका. त्यात माइक प्रीअँप एकच आहे आणि त्याचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतो तो आकडा, ४८ किलोहर्ट्झच्या वर जात नाही.

रोमटामेळ
मी यूएमसी२०२एचडी वापरतोय, चार वर्षं झाली. आमच्या बँडचे सगळे डेमो त्यावरच केले. डोळे मिटून घ्या. १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातो, ईव्हीओ ४ फक्त ९६ पर्यंत. कमी पैशात जास्त मिळत असताना जास्त पैसे का घालवायचे?

चिरेबंदी
रोमटामेळ, पैसे वाचवण्याबद्दल तुमचं पटतं. ३०,००० मध्ये सगळा संसार मांडायचा तर यूएमसी२०२एचडी घेऊन उरलेले पैसे माइकवर टाकणं हा शहाणपणाचाच हिशेब आहे. १९२ बद्दल मात्र मी स्पष्ट बोलतो, कारण या एका आकड्यापायी नव्या लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहिलेत.

माणसाच्या कानाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय वाढेल तसं त्याहून कमी. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो. म्हणजे कासाळ्यांची वरची झणझण त्यात बसली. व्हिडिओसोबत लावायचं असेल तर ४८ ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात. दोन ट्रॅक, तासभर, म्हणजे साधारण १ जीबी. हेच १९२ वर केलंत तर ४ जीबीच्या वर. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप त्या भाराने मध्येच अडखळला आणि काकांची ओळ तुटली तर ती परत कुठून आणणार?

२४ बिटला मात्र खरोखर अर्थ आहे. १६ बिटमध्ये सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. २४ बिटमध्ये कागदावर १४४, प्रत्यक्षात सर्किटच्या मर्यादेमुळे कमी, तरी भरपूर. म्हणून गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते, मुद्दाम खाली ठेवता येतो. मोठ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. मीटर खालीच राहिलं म्हणून घाबरू नका, नंतर वाढवता येतं. पण लाल दिवा लागून आवाज एकदा फाटला की तो कुठल्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही.

मानकुराद
माझा थोडा वेगळा प्रश्न. नाटकांना ऑर्गन वाजवतो, घरी सहा चॅनेलचा यूएसबी मिक्सर पडून आहे. माटोळी यांच्यासारख्यांना तसा मिक्सर चालणार नाही का? चार माइक जोडता येतील की एकदम.

चिरेबंदी
मानकुराद काका, चांगला प्रश्न विचारलात. बहुतेक लहान यूएसबी मिक्सर चार माइक घेतात खरे, पण लॅपटॉपला देताना सगळं एकत्र कालवून दोनच चॅनेल पाठवतात. आमटीत मीठ जास्त झाल्यावर जे होतं ते. सगळं एकदा मिसळलं की शामेळ वेगळा काढता येत नाही. तुमच्या मिक्सरच्या पुस्तिकेत यूएसबीवर किती चॅनेल जातात ते बघा. दोनच असतील तर तो कार्यक्रमाला उत्तम, रेकॉर्डिंगला अडचणीचा.

आबोली
माटोळी दादा, मी इंटरफेसच घेऊ नका म्हणणारी आहे, तेही ऐकून घ्या. 🙂 मी म्हापशाला राहते, मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करते. तुमचं रेकॉर्डिंग घरच्या माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखाली), माणसांच्या गर्दीत होणार. तिथे लॅपटॉप, वायरी, चार्जर सांभाळायचे की आरती म्हणायची? झूम एच४ इसेन्शियलसारखा हातातला रेकॉर्डर घ्या. दोन माइक वरच बसवलेले असतात, शिवाय एक्सएलआर केबलने बाहेरचे दोन माइक जोडता येतात. ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, त्यामुळे गेन लावायची भानगडच नाही. कासाळे कितीही जोरात वाजले तरी नंतर पातळी खाली आणता येते.

चिरेबंदी
आबोली ताई, हा खरंच तोलामोलाचा पर्याय आहे. निव्वळ चवथीच्या पाच दिवसांसाठी विचारलं असतं तर मीही हेच सुचवलं असतं. मुलीची गिटार मात्र बघायला हवी. इलेक्ट्रिक गिटार किंवा पिकअप बसवलेली गिटार थेट जोडायची तर हाय-झेड इनपुट लागतं, साधारण १ मेगओहमचं. साध्या लाइन इनपुटमध्ये खुपसली तर आवाज मेल्यासारखा येतो. ईव्हीओ ४ मध्ये त्यासाठी समोरच वेगळा जॅक आहे.

माटोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा केली. लेकीचं गाणं वर्षभर चालणार आहे, म्हणून इंटरफेसच घेतो. यूएमसी२०२एचडी की ईव्हीओ ४, इथे अडलोय. दुसरा माइक कंडेन्सर घ्यायचा म्हणतोय, ऑडिओ-टेक्निका एटी२०२०. एसएम५८ ला खूप गेन लागतो आणि त्यासाठी महागडा इंटरफेस लागतो असं वाचलं, त्याची भीती वाटते.

चिरेबंदी
भीती काढून टाका. आकडे देतो. एसएम५८ ची संवेदनशीलता उणे ५४.५ डेसिबल आहे, एटी२०२० ची उणे ३७. म्हणजे तेवढ्याच आवाजाला एटी२०२० साडेसातपट व्होल्टेज देतो. म्हणून एसएम५८ सारख्या डायनॅमिक माइकला जास्त गेन लागतो, हे खरं. पण गेन किती लागणार हे गाणाऱ्यावर आणि अंतरावर ठरतं. हातभर लांबून हळू आवाजात गोष्ट सांगणाऱ्याला ६० डेसिबलही कमी पडतील. तुमचे काका देवापुढे मोकळ्या गळ्याने म्हणणार, माइक तोंडापासून वीतभर. तिथे ४० डेसिबलच्या आसपास काम होईल. ईव्हीओ ४ मध्ये ५८ आहेत, २आय२ च्या चौथ्या पिढीत ६९. वरच्या ११ डेसिबलसाठी तुम्ही जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

माझं मत ईव्हीओ ४ ला, आणि त्याला एकच कारण आहे. त्यात स्मार्टगेन आहे. बटण दाबायचं, सगळ्यांना थोडा वेळ पूर्ण जोरात वाजवायला सांगायचं, दोन्ही माइकचा गेन तो स्वतः लावतो. २आय२ च्या चौथ्या पिढीतही अशी सोय आहे, पण बजेट मोडेल. ७८ वर्षांच्या माणसाला 'काका, परत एकदा म्हणा, मीटर बघतो' असं चार वेळा सांगायला लागू नये. ते पहिल्यांदा मनापासून म्हणतात ते रेकॉर्ड व्हायला हवं. फक्त स्मार्टगेनने जे लावलं त्याहून ६ डेसिबल खाली घ्या. तालीम आणि खरी आरती यांत जोराचा फरक पडतोच, शेवटच्या आरतीला तर घुमटवाल्यांच्या अंगात येतं.

मानकुराद
शेवटचं वाक्य अगदी खरं. 🙏 माझी एक भर. चवथ भर पावसाळ्यात. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. आता घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे बकऱ्याचं कातडं लावतात. दमट हवेत ते सैल पडतं आणि घुमटाचा आवाज बसतो. रेकॉर्डिंगच्या आधी ऊन असेल तर उन्हात, नाहीतर शेगडीपासून थोड्या अंतरावर धरून कातडं तापवून घ्या. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हटलं, पण घरोघरच्या चाली टिकवायच्या त्या तुमच्यासारख्यांनीच.

रोमटामेळ
चिरेबंदी, १९२ चं समजलं, मी चार वर्षं उगाच डिस्क भरत होतो. माटोळी, माझ्याकडून एक. सेकंडहँड बघत असाल तर जपून. मी एकदा किनाऱ्यावरच्या एका ठिकाणचा इंटरफेस घेतला, दिसायला नवा. घरी आल्यावर दुसऱ्या चॅनेलला फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट) नाही, आणि नॉब फिरवला की खरखर. खाऱ्या हवेने जॅकच्या आत हिरवट थर धरला होता. घ्यायला जाताना स्वतःचा कंडेन्सर माइक, केबल, हेडफोन, लॅपटॉप घेऊन जा. दोन्ही चॅनेलला ४८ व्होल्ट लावून बोलून बघा. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून ऐका. यूएसबीची केबल हलवून बघा, तुटतंय का. फायरवायर या जुन्या जोडणीचा इंटरफेस तर फुकट मिळाला तरी नको, आताच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं.

माटोळी
घेतला! ईव्हीओ ४, नवाच. सोबत एटी२०२०, दोन स्टँड, दोन एक्सएलआर केबल, एक बंद कपांचा हेडफोन. बजेटच्या थोडं वर गेलो, पण ठीक. सॉफ्टवेअर म्हणून रीपर ६० दिवसांच्या चाचणीवर घातलंय.

दोन अडचणी. एक, लेक हेडफोन लावून गाते तेव्हा तिला स्वतःचा आवाज मागाहून येतो, ती गोंधळते. दोन, काल रात्री सगळं शांत असताना मागे 'हूं' असा सलग आवाज येत होता.

आबोली
दुसऱ्याचं मी सांगते, मी यात आठवडा घालवलाय. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तो हूं तिचाच असतो. माझ्या भाड्याच्या घरात प्लगला तीन पिना होत्या, पण अर्थची तार भिंतीच्या आत कुठे जोडलेलीच नव्हती. वायरमनने ती जोडून दिली तेव्हा सुटका झाली. तोवर कपड्यांच्या कपाटासमोर बसून बॅटरीवर रेकॉर्ड करायचे, गोष्ट संपायच्या आत बॅटरी टिकेल ना ही धाकधूक. अर्थची पिन तोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शॉक लागून जीव जाऊ शकतो.

चिरेबंदी
पहिल्याचं मी. त्याला लेटन्सी म्हणतात. आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत येतो, त्या फेरीला वेळ लागतो. रीपरमध्ये ऑडिओ डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिएंटचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर निवडलाय का बघा. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर असेल तर उशीर होणारच. मग बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूला जवळजवळ ११ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट, वर थोडं आणखी. १२८ केलंत की एका बाजूला २.७ वर येतं. फार खाली नेलंत तर लॅपटॉप टकटक करायला लागेल.

आणि खरं तर तिला लॅपटॉपमधून फिरून आलेला आवाज ऐकवायची गरजच नाही. ईव्हीओवर मॉनिटर मिक्सचं बटण आहे. ते दाबून मोठा नॉब इनपुटच्या बाजूला फिरवा, माइकचा आवाज थेट हेडफोनला जातो. रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर दोन-दोन आवाज येतील.

माटोळी
दोन्ही जमलं! चार्जर काढल्याबरोबर हूं गायब. वायरमनला रविवारी बोलावलंय. लेक तर आता उठायलाच तयार नाही.

काल काकांना बोलावून तालीम घेतली. माझा एक प्रयोग पूर्ण फसला, तोही सांगतो. एटी२०२० घुमटाच्या कातड्यासमोर आणि एसएम५८ मागच्या उघड्या तोंडापाशी लावून बघितलं. दोन्ही वेगवेगळे ऐकले की मस्त, एकत्र लावले की पोकळ, जणू डबा वाजतोय.

चिरेबंदी
कातडं आत जातं तेव्हा पुढच्या माइकला हवा ओढली जाते आणि मागच्या तोंडातून हवा बाहेर ढकलली जाते. दोन माइक एकाच हालचालीबद्दल एकमेकांच्या उलट बोलतात आणि खालचे स्वर खोडून काढतात. रीपरमध्ये ट्रॅकवर फेज उलटा करायचं बटण आहे, गोलावर आडवी रेघ असलेलं. एका ट्रॅकला ते दाबा आणि ऐका, ज्यात भरीव वाटेल ते ठेवा.

आरतीला मात्र एसएम५८ काकांना द्या, वीतभर अंतरावर. एटी२०२० दोन घुमटांच्या मध्ये, गुडघ्याच्या उंचीवर, थोडा मागच्या तोंडांकडे कललेला. हातांची उघडझाप तिथेच कळते. हा माइक १४४ डेसिबलपर्यंत सहन करतो, घुमटाची चिंता नको. कासाळेवाल्याला एटी२०२० च्या पाठीमागे बसवा, हा माइक मागून सर्वांत कमी ऐकतो. घुमटापासून माइक जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माइकमध्ये ठेवा. पंखा बंद, समोरच्या भिंतीला गोधडी. काम झालं की कंडेन्सर सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. दमटपणा धरला की तो करकरायला लागतो. आणि वीज कडाडत असेल तर सगळं प्लगमधून उपटून ठेवा.

माटोळी
तुम्ही सांगितलं तसंच लावलं. कासाळेवाला आमचा चुलतभाऊच, त्याला दाराकडे बसवला. स्मार्टगेन लावला, वर ६ खाली घेतला. बाहेर पाऊस होता, कौलांवरचा आवाज थोडा आलाय, तो राहू दे म्हटलं.

वहीत नसलेल्या आरत्यांपैकी दोन झाल्या. फाइलची एक प्रत लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडे पुण्याला. रात्री काकांना हेडफोन लावून दिला. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, बोटांनी मांडीवर ताल धरला होता. घुमारा आला की बोटं थांबायची आणि तो विरेपर्यंत तशीच राहायची. मग हेडफोन काढून म्हणाले, 'तिसऱ्या कडव्यात मी एक ओळ गाळली रे. आईने शिकवलेली ओळ. उद्या परत लाव ते.'

उद्या संध्याकाळी परत लावतोय. देव बरें करूं तुम्हां सगळ्यांचें.